फुटते ती एसटीची काच, खाण चालूच राहते

"दोन जेसीबी पेटल्याशिवाय यांना अक्कल येणार नाही." विषय झाडांचा असो, नदीचा असो की महामार्गाचा, आपल्या वयाच्या मुलांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी सुमारे १,८०० झाडं तोडायचा घाट घातला गेला, तेव्हाही ते ऐकू आलं. म्हणणारा बहुतेक वेळा गुंड नसतो. त्याने अर्ज दिलेला असतो, पोस्ट लिहिलेली असते, एखाद्या साखळीत हात धरून उभाही राहिलेला असतो. त्याचा राग खरा आहे, म्हणून त्याला टिंगल न करता उत्तर द्यायला हवं.

माझी भूमिका आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसावं लागणार नाही. रस्ता अडवा, काम अडवा, सुनावणी अडवा, ज्याच्या टेबलावर फाईल आहे त्याची झोप उडवा. पण जाळपोळ आणि तोडफोड करू नका. हे मी सभ्यतेचा धडा म्हणून सांगत नाही. त्याने झाड वाचत नाही, खाण थांबत नाही, आणि जी किंमत मोजावी लागते ती दगड मारणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला जास्त मोजावी लागते, म्हणून सांगतो. आणि तो शेजारी मुसलमान असेल तर दुप्पट.

"शांत राहा" म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द

आधी दुसऱ्या बाजूचा समाचार घेऊ. तोडफोडीला विरोध केला की लगेच काही मंडळी खूश होतात. त्यांना वाटतं, चला, हा आपल्यातला निघाला. टीव्हीवर बसून आंदोलकांना "विकासविरोधी" म्हणणारी ही मंडळी शांततेचा अर्थ गप्प बसणं असा घेतात.

त्यांना आरे आठवून देतो. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. वरच्या न्यायालयात जायला सवडच दिली नाही. लोक धावत गेले, तर जमावबंदी लागली आणि २९ जणांना अटक झाली. त्यांच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्यासारखी कलमं लावली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मेट्रो कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला, कारण ८४ झाडांची परवानगी मागून तिने वृक्ष प्राधिकरणाकडे त्याहून जास्त झाडांसाठी अर्ज केला होता.

आता सांगा, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान कुणी केलं? १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायद्याखाली बसची काच फोडणाऱ्याला तुरुंग आहे. २,१४१ झाडं पाडली, त्याबद्दल मात्र २९ आंदोलकच कोठडीत गेले. ज्याला तोडफोडीची खरी चीड आहे, त्याने आधी या करवतीची चीड करून दाखवावी. मग आपण दगडाबद्दल बोलू.

आणि रीतसर मार्गाबद्दलही बोलू. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ यांनी आदिवासींच्या मागण्यांसाठी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या संरक्षक जाळीवर उडी मारली. तेव्हा ते विधानसभेचे उपाध्यक्ष होते, सत्ताधारी बाजूचे होते. ज्या माणसाला सभागृहात खुर्ची आहे, त्यालाही जाळीवर उडी मारावी लागते, तर सुरगाण्याच्या पोराला "अर्ज कर आणि वाट बघ" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हा अडथळा आणणाऱ्या आंदोलनाची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो अडथळा कुठे आणायचा, आणि त्यात काय मोडायचं, याचा.

सुरजागडचे ट्रक

महाराष्ट्रात पर्यावरण आणि जमिनीच्या नावाने सर्वांत मोठी जाळपोळ कुठे झाली, हे जेसीबी पेटवायला निघालेल्यांना माहीत असायला हवं. गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला. तिथे डोंगरात लोहखनिज आहे, डोंगर माडिया आदिवासींचा देवस्थानाचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारी सुमारे ८० वाहनं एका फेरीत जाळली. दोन जेसीबींवर समाधान मानणाऱ्यांना याहून मोठा प्रयोग कुठे मिळणार?

निकाल काय लागला? काम काही काळ थांबलं. मग पोलिसांचे तळ वाढले, बंदोबस्त वाढला आणि २०२१ पासून उत्खनन जोरात सुरू झालं. २०२३ मध्ये खाणीची वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. ट्रक जळाले, नवे आले. मोठ्या प्रकल्पात ट्रक ही सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू असते. तिला विमा असतो, कंत्राटदार असतो, बँक असते. ज्या गावकऱ्याला खाण नको होती, त्याला मात्र बदली मिळाली नाही. त्याच्या प्रत्येक सभेवर, प्रत्येक ठरावावर "हे नक्षल्यांचे लोक" असा शिक्का बसला. त्याच तालुक्यातल्या तोडगट्ट्याला आदिवासींनी २०२३ मध्ये महिनोन् महिने शांततेत ठिय्या दिला, तोही पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये उठवला. लोकांच्या विरोधाला गुन्हा ठरवण्याची सोय जळालेल्या ट्रकांनी आधीच करून ठेवली होती.

आता त्याच जिल्ह्यातलं मेंढा-लेखा बघा. या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. वनखातं तरीही बांबू नेऊ देईना. गावाने काय केलं? आपला बांबू आपण विकणारच असं जाहीर केलं, अडवा म्हणाले, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत नेलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री स्वतः गावात आले आणि वाहतूक परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. हा काही मवाळ मार्ग नव्हता. सरकारी खात्याचा हुकूम उघडपणे मोडणं होतं. पण मोडला तो हुकूम, जाळली नाही ती कचेरी. कचेरी जाळली असती तर मंत्री आले असते का, याचा विचार करा.

दिंडोरीची पायपीट

आमच्या तालुक्याचं उदाहरण देतो. आमच्याकडे द्राक्षं आहेत, वायनरी आहेत, धरणं आहेत, आणि पश्चिमेला डोंगर चढला की आदिवासी वस्त्या आहेत, जिथे कसत असलेल्या वनजमिनीचा सातबारा अजून हातात नाही. मार्च २०१८ मध्ये दिंडोरी, सुरगाणा, पेठ, कळवणची ही माणसं किसान सभेच्या लाल झेंड्याखाली नाशिकहून मुंबईला चालत गेली. साधारण १८० किलोमीटर. कित्येकांच्या पायांची सालटी निघाली. ११ मार्चला ते सायनच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुंबई ठप्प झाली असती आणि मुलांची परीक्षा बुडाली असती. म्हणून ही थकलेली माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानात जाऊन बसली.

त्या एका निर्णयाने काय झालं? तोवर मोर्चाची बातमी आतल्या पानावर होती. सकाळी ती सगळ्यांच्या तोंडी झाली. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. त्यांत मुस्लिम वस्त्यांतली मुलंही होती. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. ज्यांच्या हाती राजधानी बंद पाडायची ताकद होती, त्यांनी ती दाखवली आणि वापरली नाही. अशा ताकदीला सरकार जास्त भितं, कारण ती कोणत्या कलमाखाली बसवायची ते कळत नाही.

इथे कुणी विचारेल, वनजमीन मागणं हा पर्यावरणाचा मुद्दा कसा? सातबारा मागणं म्हणजे जंगल फोडणं, असं शहरातल्या काही वन्यजीवप्रेमींना वाटतं. त्यांच्याच याचिकेवर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून हटवायचा आदेश दिला होता आणि देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. माझं म्हणणं साधं आहे. जंगलाचा राखणदार ठरवणं हाच पर्यावरणाचा पहिला प्रश्न आहे. ज्याचा हक्क कागदावर आहे, तो खाणीला, रस्त्याला, धरणाला नाही म्हणू शकतो. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला, तो कागदावरच्या हक्कामुळेच.

पण गोड गोष्ट सांगून थांबणार नाही. २०१८ ची आश्वासनं अर्धवट राहिली. म्हणून मार्च २०२३ मध्ये लोक पुन्हा निघाले, या वेळी थेट दिंडोरीतून. वाशिंदला मोर्चा थांबला तो मुख्यमंत्र्यांनी घोषणा केल्यावर. पण या वेळी माणसं शहाणी झाली होती. नुसत्या घोषणेवर परत फिरली नाहीत, अंमलबजावणीचे आदेश सुटेपर्यंत मैदानात बसून राहिली. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा जीव गेला. तेव्हा शांततेची किंमत नसते असं मी म्हणत नाही. तिची किंमत असते, आणि ती चालणारा स्वतः मोजतो. तोडफोडीची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाते. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हा आहे.

याच कसोटीवर एसटी तपासा. आंदोलन पेटलं की पहिला दगड लाल परीवर. का? कारण ती सरकारी आहे आणि समोर आहे. पण एसटीने प्रवास कोण करतं? दिंडोरीहून नाशिकला कॉलेजला जाणारी मुलगी, ननाशीची आजारी म्हातारी, सवलतीच्या तिकिटावरचा हमाल. ज्याने प्रकल्पावर सही केली तो एसटीत कधी बसला होता? आपण फोडतो ती आपल्याच माणसाची काच असते.

साखरी नाटे आणि नाणार

आपल्या वाचकांना जवळचं असलेलं एक उदाहरण रत्नागिरीतलं. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प ठरला. शेजारचं साखरी नाटे हे मुख्यतः मुस्लिम मच्छीमारांचं गाव. अणुभट्ट्यांचं गरम पाणी समुद्रात जाणार, बंदोबस्तामुळे होड्यांना बंदी येणार, ही त्यांची भीती रास्त होती. शेतकऱ्यांनी भरपाईचे धनादेश नाकारले, लोकांनी जेलभरो केलं. फुकुशिमाच्या अपघाताला महिना झाला होता आणि सगळा देश या गावकऱ्यांचं ऐकायला तयार होता.

१८ एप्रिल २०११ रोजी जमाव नाटे पोलिस ठाण्यावर गेला. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला, साखरी नाट्यातला एक तरुण मच्छीमार मेला. जमावावर सरळ गोळी चालवणं अक्षम्य होतं, ते आजही तितकंच ठासून म्हणायला हवं. पण दुसऱ्या दिवशी काय झालं, तेही बघा. रत्नागिरीत बंद पुकारला गेला, एसटी बस फुटल्या. आणि चर्चा मासळी, गरम पाणी, किरणोत्सर्ग यांवरून हलली ती "दगड कुणी मारले, भडकवलं कुणी" यावर गेली. एका मुलाच्या मरणाचा जाब विचारायचा तो दिवस फुटलेल्या काचांच्या पंचनाम्यात गेला.

प्रकल्प आजही उभा नाही, मग तोडफोड यशस्वीच झाली, असं कुणी म्हणेल. घाई करू नका. जैतापूर रखडलं ते भट्ट्यांची किंमत, अपघाताच्या जबाबदारीचा कायदा आणि त्या फ्रेंच कंपनीचं दिवाळं यांमुळे. त्याच जातीची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामनविलला २००७ मध्ये बांधायला घेतली, ती वीज जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. लोकांनी केलेल्या विरोधाचा यात वाटा आहे, पण तो धनादेश न घेण्याचा, वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहण्याचा. बसच्या काचांचा नाही.

तिथून जवळच नाणार आहे. २०१७ मध्ये तिथल्या १४ गावांच्या जमिनीवर तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना निघाली. सुमारे ३ लाख कोटींचा प्रकल्प, मागे सरकारी तेल कंपन्या आणि सौदीचा पैसा. गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, मोजणीदारांना परत पाठवलं, मुंबईतल्या चाकरमान्यांना मोर्चात उतरवलं आणि निवडणुकीच्या तोंडावर पक्षांना कोंडीत पकडलं. मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. हिंदू-मुसलमान, बागायतदार-मच्छीमार सगळे एका बाजूला राहिले, हे त्यामागचं बळ होतं. ही एकी पहिल्या जाळलेल्या गाडीबरोबर तुटली असती, कारण मग "आमचा त्यात हात नाही" असं म्हणायला अर्धी गावं पुढे आली असती.

पुढे तोच प्रकल्प बारसूला सरकला. एप्रिल २०२३ मध्ये बायका सड्यावर उन्हात आडव्या झाल्या, अश्रुधूर खाल्ला, आणि माती परीक्षण पोलिस बंदोबस्तात झालंच. म्हणजे शांततेने नेहमी जिंकता येतं असं नाही. पालघरच्या वाढवण बंदराला मच्छीमारांनी वर्षानुवर्षं शांततेत विरोध केला, तरी जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. हे पराभव लपवून मला कुणाला पटवायचं नाही. शांततेचा मार्ग हरू शकतो. पण हरल्यावरही तो पुन्हा लढता येतो, कारण माणसं तुरुंगाबाहेर असतात आणि गाव तुमच्यासोबत असतं.

"पण संशोधन तर उलटं सांगतं"

वाचणारी मुलं इथे मला अडवतील. ब्रिटनमध्ये 'जस्ट स्टॉप ऑइल'च्या लोकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग दिवसेंदिवस अडवला. अभ्यासकांनी आधी आणि नंतर लोकांची मतं तपासली. जहाल गटाबद्दल जागरूकता वाढली, तसा 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या मवाळ संघटनेला पाठिंबा वाढलेला दिसला. म्हणजे जहाल मंडळी शिव्या खातात आणि मवाळांचं काम सोपं करतात. हा मुद्दा खोटा नाही, आणि त्याला बगल देणं बरोबर नाही.

पण नीट बघा. एक, तिथे रस्ता अडवला होता, जाळला नव्हता. हा अडथळ्याच्या बाजूचा पुरावा आहे, नासधुशीच्या नाही. दोन, हे घडायला लोकांना जहाल आणि मवाळ वेगळे ओळखता आले पाहिजेत. आपल्याकडे तोच फरक पुसायचं काम रोज रात्री ९ वाजता चालतं. झाडाला मिठी मारणारा, याचिका करणारा प्राध्यापक आणि दगड मारणारा, तिघांनाही एकच नाव मिळतं: अर्बन नक्षल. आडनाव शेख असेल तर नाव आणखी बदलतं. जिथे दोन फांद्या वेगळ्या दिसूच दिल्या जात नाहीत, तिथे एका फांदीची आग दुसरीला ऊब देत नाही, जाळते.

उलट बाजूचे आकडेही आहेत. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी ठरल्या, हिंसकांपैकी २६ टक्के. या मोहिमा राजवटी उलथवण्याच्या होत्या, झाडं वाचवण्याच्या नव्हत्या, म्हणून हा आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण कारण लागू पडतं: अहिंसक आंदोलनात म्हातारी, बाई, शाळकरी पोर, नोकरदार सगळे येऊ शकतात. दगड हातात घेतला की मैदानात फक्त विशीतले पुरुष उरतात. आणि गर्दी आटली की सरकारचं काम सोपं होतं.

तिसरा आक्षेप पुणतांब्याचा. १ जून २०१७ ला शेतकरी संपावर गेले, दूध रस्त्यावर ओतलं, भाजीचे ट्रक अडवले, आपल्या जिल्ह्यात येवल्याकडेही पेटलं, आणि त्याच महिन्यात कर्जमाफी झाली. मग नासधूस कामी आलीच की! माझं उत्तर असं. सरकार हललं ते शहरांत दूध-भाजी पोचणार नाही या धास्तीने. ती धास्ती शेतकऱ्याने आपला माल आपणच रोखण्यातून येते. दुसऱ्याचा टँकर उलटा करण्याने ती वाढत नाही, फक्त दुसऱ्या गरीब दूधवाल्याला शत्रू करते. स्वतःचा माल रोखणं हा संप आहे. दुसऱ्याचा सांडणं ही जबरदस्ती आहे. दोन्ही एकाच दिवशी घडलं म्हणून दोन्हींनी काम केलं असं होत नाही. आमच्या धंद्यात याला चुकीचं डिबगिंग म्हणतात: एकाच वेळी दोन बदल केले आणि प्रोग्रॅम चालला, की आपल्या आवडत्या बदलाला श्रेय देऊन मोकळं व्हायचं.

बिल कुणाच्या नावावर फाटतं

आता आपल्यापुरतं बोलू. मार्च २०२० मध्ये लखनौच्या चौकाचौकांत नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनातल्या आरोपींचे फोटो, नावं आणि पत्ते यांचे फलक लागले. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी नुकसानभरपाईची वसुली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ९ मार्चला ते काढायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने २७४ वसुली नोटिसा मागे घेतल्या. दोन वर्षं त्या घरांनी काय भोगलं, ते कुणी परत दिलं नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपीचं घर पाडलं गेलं, तेही नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बुलडोझरविरोधी निकालानंतर. उच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर बुलडोझर फिरला होता. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, ज्याची भाषा इतकी सैल आहे की कायदा न पाळायला सांगणंही त्यात बसू शकतं.

करून गेला गाव आणि भलत्याचं नाव, अशी म्हण आहे. तपोवनात उद्या एक यंत्र पेटलं आणि त्या गर्दीत आपल्यातली चार मुलं झाडं वाचवायला उभी असली, तर काडी कुणी लावली हे तपासायला कुणी थांबणार नाही. कुंभमेळ्याच्या जागेवर मुसलमान मुलांनी जाळपोळ केली, ही बातमी तयारच असेल. झाडांचा प्रश्न त्या मिनिटाला संपेल. इतकी वर्षं झाडांसाठी लढणारे हिंदू कार्यकर्तेही मग तोंड उघडू शकणार नाहीत.

यावर आपल्या घरांत दिलं जाणारं उत्तर ठरलेलं आहे: "तू या भानगडीत पडूच नकोस." मला हे उत्तर तोडफोडीइतकंच घातक वाटतं. नाशिक-मालेगावच्या मोहल्ल्यांतून वाहणारा नाला, यंत्रमागांचा धूर, उन्हात तापणारे पत्रे, हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे आणि तो आपल्या दारात आहे. आपण नसलो तर तो कुणी मांडणार नाही. जायचं, नक्की जायचं, सगळ्यांसोबत जायचं. जाताना हात रिकामे ठेवायचे आणि मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवायचा. गर्दीत कुणी दगड उचलला तर पहिला हात आपण धरायचा, मग तो आपला असो वा परका.

मग करायचं काय

अडथळा आणायचा तर नेमका आणा. प्रत्येक प्रकल्पात दोन-चार जागा अशा असतात जिथे तो खरंच अडतो: जमिनीचा ताबा, पर्यावरण मंजुरी, बँकेचं कर्ज, निवडणूक. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणीची ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. शहरातली झाडं तोडायची तर १९७५ च्या कायद्याखाली नोटीस, हरकती, सुनावणी आहे. तपोवनाच्या झाडांसाठी लोकांनी शेकडो हरकती दाखल केल्या, प्रकरण हरित लवाद आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलं. दिंडोरी तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायद्याची ग्रामसभा हे हत्यार आहे. या सुनावण्या रिकाम्या खुर्च्यांसमोर होतात, कारण जेसीबी पेटवायची भाषा करणारे त्या दिवशी कामावर असतात. हजार माणसं एका सुनावणीला आली, प्रत्येकाने लेखी हरकत दिली आणि पोच घेतल्याशिवाय उठली नाहीत, तर ते कामकाज तीन दिवस अडतं. यालाही अडथळाच म्हणतात.

आणि जिंकायचं कसं असतं याचा नमुना घरातच आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हतं. रात्री चारी फोडायची, गेट वाकवायचं, वरच्याशी डोकी फोडायची, हा अशा वेळचा ठरलेला उपाय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. मोजून पाणी घ्यायचं, पट्टी भरायची, वाटप आपण करायचं. पुढे या संस्थांच्या संघाने सगळ्या प्रकल्पाचा कारभार हातात घेतला आणि २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला. गेट फोडणाऱ्याला एका रात्रीचं पाणी मिळालं असतं. यांना धरणाची किल्ली मिळाली.

तेव्हा जेसीबी पेटवायची भाषा करणाऱ्या मित्राला माझं एवढंच सांगणं आहे. तुझ्या रागातला एक अंशही कमी करू नकोस. पुढच्या सुनावणीची तारीख काढ, मोहल्ल्यातली वीस माणसं तयार कर, त्यांत पाच बायका असू देत, आणि प्रत्येकाच्या हातात सही केलेली हरकत दे. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाक. मीही टाकतो.